चूल विझली, फळी उरली!

भाषा शिकविणाऱ्या माणसाला एक खोड असते. त्याला एखादे सुंदर घर दाखवायला न्यावे, तर तो दारावरच्या नावाची व्युत्पत्ती शोधत बसतो आणि आत चहा निवून जातो. तेव्हा वाचकांनी आरंभीच एका शब्दापुरती मुभा द्यावी. तो शब्द म्हणजे ‘फोकस’. मोबाइलवर छायाचित्र काढणाऱ्या शाळकरी पोरांच्याही तोंडी तो आज आहे. पण मूळ लॅटिनमध्ये फोकस म्हणजे काय? फोकस म्हणजे चूल! रोमन गृहस्थाच्या घरात विस्तव जिथे पेटत असे ती जागा. १६०४ साली केप्लर या ज्योतिर्विदाने, किरण जिथे एकवटतात त्या भूमितीतल्या बिंदूला हे नाव दिले, आणि बिचारी चूल घरातून उठून शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसली. नाव मात्र चपखल पडले. घरातली माणसे जिथे एकवटतात ती चूल. फ्रेंच लोक याच शब्दापासून निघालेला ‘फ्वाये’ हा शब्द चुलीलाही वापरतात आणि घरालाही. आणि आपण? भावाभावांत भांड्यांची, शेताची, दागिन्यांची, कशाचीही वाटणी होवो. आपण एवढेच म्हणतो, ‘त्यांनी चूल वेगळी मांडली.’

हा सारा खटाटोप एका विलायती चुलीसाठी आहे. ही चूल रांधण्याची नव्हे, ऊब घेण्याची. ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे, निदान पडद्यावर तरी. दिवाणखान्याच्या भिंतीत विटांचा एक मोठा कोनाडा. त्यात लाकडे किंवा कोळसे धगधगताहेत. समोर विटांचा किंवा दगडाचा बुटका ओटा, त्याचे नाव हार्थ. आणि कोनाड्याच्या माथ्यावर एक रुंद फळी, तिचे नाव मॅंटलपीस. शेरलॉक होम्स उत्तर द्यायची राहिलेली पत्रे सुरीने खोचून ठेवतो ते याच मॅंटलपीसवर. मुलांच्या आवडीची ॲलिस आरशातून पलीकडच्या देशात जाते, तो आरसा याच फळीवर टेकलेला. विलायती कादंबरीतून ही फळी काढून घेतली, तर निम्म्या पात्रांना कोपर टेकायला जागा उरणार नाही!

या फळीवर काय मांडावे, ओटा कसा सजवावा, याचे तिकडे एक मोठे शास्त्रच झाले आहे. वरवर पाहता तो गृहसजावटीचा विषय. पण फळीवरच्या वस्तू जरा उचलून पाहिल्या, की खाली बरेच काही सापडते.

आधी धूर, मग धुराडे

इंग्लंडात पूर्वी भिंतीतली शेकोटी नव्हतीच. मोठ्या दालनाच्या मधोमध जमिनीवर विस्तव पेटे आणि धूर छपरातल्या झरोक्यातून वाट काढी. केंट परगण्यात पेन्सहर्स्ट प्लेस नावाचा वाडा आहे. त्याच्या १३४१च्या दालनात तो मधला अष्टकोनी आगोटा आजही पाहायला मिळतो. मग विस्तव हळूहळू भिंतीकडे सरकला, त्याच्यावर धूर धरणारी झापड आली आणि धुराडे उभे राहिले. ‘मॅंटल’ हा शब्द झग्याच्या इंग्रजी शब्दाचा सख्खा भाऊ. अंगावर झगा, तशी विस्तवावर ही झापड. पुढे झापड आखडत गेली आणि शेवटी उरली ती एक फळी.

धुराडी गावोगाव झाली ती सोळाव्या शतकात. १५७७ साली विल्यम हॅरिसन या पाद्र्याने इंग्लंडचे वर्णन लिहिले. त्यात गावातली म्हातारी माणसे सांगतात, की आमच्या डोळ्यांदेखत किती ही धुराडी वाढली! हॅरिसनचा स्वतःचा शेरा तर असा, की पूर्वी घरात धूर कोंडत होता तेव्हा कुणाचे डोके दुखत नव्हते. आता धुराडी झाली आणि नाजूक लोकांना पडशाने गाठले. गॅसची शेगडी घरात आली तेव्हा आपल्या आजीबाई चुलीवरच्या भाकरीविषयी काय म्हणत होत्या, ते आठवावे. म्हातारपणाचे देश निरनिराळे, भाषा एकच!

विटेचे राज्य आणले ते आगीने. १६६६ साली एका भटारखान्यात लागलेल्या आगीने लंडन शहर जाळले, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने नवी घरे विटांची किंवा दगडाची बांधण्याचे बंधन आले. त्याआधीच, १६६२मध्ये, सरकारची नजर या विस्तवावर गेली होती. दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर! लोकांनी काय केले? कर वाचवायला चुलीच बुजवल्या. १६८९ साली तो कर उठला, पण त्याच्या वह्या राहिल्या. कुणाच्या घरी किती विस्तव होते ते संशोधक आज त्यांतून वाचतात. माणसाची ऐपत मोजायला चूल हे माप इतके खरे.

तोंड भाजते, पाठ गारठते

शेकोटी दिसते देखणी, पण तिचे एक दुखणे आहे. तापलेली हवा धुराड्यातून वर धावते आणि तिच्या जागी दारे-खिडक्यांच्या फटींतून थंड हवा खेचली जाते. म्हणजे समोर बसलेल्याचे तोंड भाजते आणि पाठ गारठते. उंच पाठीच्या, दोन्ही बाजूंना कानासारखे पंख असलेल्या त्या विलायती खुर्च्यांना पंख असतात ते या वाऱ्यासाठी. अमेरिकेत जन्मलेल्या काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६च्या सुमारास यावर तोड काढली. कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा आवळला. धूर वर, ऊब खोलीत. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दॅंगर ॲबी’ची नायिका मोठ्या उत्कंठेने एका जुन्या मठात जाते, भव्य, भयाण, कोरीव शेकोटी पाहायला मिळेल म्हणून! समोर येते ती आटोपशीर रम्फर्ड शेकोटी आणि तिच्यावर चिनी मातीच्या गोजिरवाण्या वस्तू. पोरीचा अगदी विरस होतो. सोय आली की भव्यता जाते आणि रिकाम्या जागी शोभेच्या वस्तू येतात, हे ऑस्टिनबाईंनी किती आधी टिपले!

या शोभेलाही मुळात कामाचेच निमित्त होते. कोनाड्याभोवती निळ्या-पांढऱ्या डच फरशा बसवीत, कारण त्यांच्यावरची काजळी ओल्या फडक्याने निघते. डिकन्सच्या कंजूष स्क्रूजच्या शेकोटीला अशाच फरशा आहेत आणि त्यांवर बायबलातली चित्रे. फळीवर आरसा टेकला, कारण त्यापुढची एक मेणबत्ती दोन मेणबत्त्यांचा उजेड देई. घड्याळ मध्यावर आले, कारण सगळ्यांचे डोळे तिथेच वळत. कागदाच्या सुरळ्या भरलेले भांडे आले, ते विस्तवावरून पाइप पेटवायला. मग या कामकरी मंडळींत नुसती शोभेची पाहुणी आली. त्यांत सर्वांत लोकप्रिय ती स्टॅफर्डशरची चिनी मातीची कुत्री. घड्याळाच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाहत बसलेली ही जोडी व्हिक्टोरिया राणीच्या काळात घरोघर होती. आपल्या देवळाच्या दारी जय-विजय, तशी यांच्या शेकोटीवर ही श्वानद्वयी!

हळूहळू हौस इतकी वाढली, की फळीलाही झालरीचे मखमली लुगडे नेसवू लागले. उन्हाळ्यात विस्तव नसे, तेव्हा तो काळा जबडा उघडा कसा ठेवायचा? म्हणून त्याच्यापुढे भरतकामाचा पडदा, नेच्यांच्या कुंड्या किंवा घडीच्या कागदाचा पंखा. नाताळात हॉली आणि आयव्हीच्या हिरव्या डहाळ्या. १८४३पासून नाताळची छापील कार्डे आली, तीही इथेच उभी राहिली. अमेरिकेत १८२३ साली छापल्या गेलेल्या एका बालकवितेने धुराड्यातून उतरणारा सांताक्लॉज आणि त्याच्यासाठी टांगलेले मोजे घरोघर नेऊन पोचविले. ही सारी आरास सहा जानेवारीच्या सुमारास उतरवायची, नाहीतर अपशकुन होतो अशी समजूत. गौरी-गणपतीची मखरे वेळेवर उतरवणाऱ्या आपल्या भगिनींना यात काहीच नवल वाटणार नाही.

या सजावटीत आपलाही एक मोर आहे. वाइट बेटावरील ऑस्बोर्न हाउस या आपल्या राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीने १८९०च्या सुमारास एक दरबार दालन करविले. त्याची कल्पना लॉकवुड किपलिंग यांची. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८६५पासून दहा वर्षे शिकवून मग लाहोरला गेले होते. कलाकुसर उभी केली लाहोरच्या भाई राम सिंग यांनी. त्या दालनात शेकोटीच्या वर, जिथे एरवी आरसा यायचा, तिथे पिसारा फुलवलेला पांढराशुभ्र मोर आहे. घड्याळ आणि कुत्र्यांच्या राज्यात एवढी एक जागा आपल्या मयूराने जिंकली.

काजळीचा हिशेब

आता या देखणेपणाची दुसरी बाजू. सणाच्या अंकात काळे बोलू नये म्हणतात, पण काजळी झाकून शेकोटीची गोष्ट पुरी होत नाही.

धुराडी अरुंद झाली, वळणावळणाची झाली. ती साफ कोण करणार? लहान मुले. चार-सहा वर्षांची, गरिबांची, विकत घेतलेली मुले धुराड्यात वर चढवीत. आठ वर्षांखालच्या मुलाला या कामाला घेऊ नये असा कायदा १७८८ साली झाला, एकवीस वर्षांखालच्या कोणालाही चढवू नये असा १८४०मध्ये झाला, आणि दोन्ही कागदावर राहिले. १८७५च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कुठे परवान्याचा कडक कायदा होऊन ही चाल बंद पडली. मखमली झालर लावलेल्या फळीच्या पाठीमागे, विटेच्या एका थरापलीकडे, हे पोर चढत होते.

ओट्याची निगाही अशीच. हॅना कलविक या व्हिक्टोरियन मोलकरणीच्या रोजनिश्या प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांत पहाटे उठून राख काढणे, विस्तव पेटविणे, लोखंडी जाळीला काळे शिसे लावून ती आरशासारखी घासणे, पायऱ्या पांढऱ्या करणे, हे दिवसांमागून दिवस येते. वाचताना आपल्याकडचे सारवण-पोतेरे आठवते. फरक एवढाच, की आपल्या घरची बाई स्वतःची चूल सारवी आणि वर रांगोळीची चार बोटे ओढी. हॅना घासत होती ती शेकोटी दुसऱ्याची होती.

शेवटचा हिशेब सगळ्या शहराने चुकता केला. १९५२च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत, लाखो घरांतल्या कोळशाचा आणि कारखान्यांचा धूर लंडनवर साचून राहिला. त्या वेळी मृतांचा आकडा चार हजारांच्या घरात सांगितला गेला. पुढच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, मागोमाग घरोघर गरम पाण्याचे नळ फिरवून खोल्या तापवू लागले, आणि शेकोटी विझत गेली. इंग्लंडमध्ये घरात जाळायच्या साध्या दगडी कोळशाची विक्रीच २०२३च्या मे महिन्यापासून बंद झाली आहे.

विस्तव गेला. फळी मात्र लोकांनी काढली नाही. का बरे?

डावीकडून उजवीकडे

१९३७ साली इंग्लंडात ‘मास ऑब्झर्व्हेशन’ नावाची एक चळवळ निघाली. सामान्य माणसाच्या जगण्याची सामान्य माणसानेच नोंद करायची, हा तिचा हेतू. तिने स्वयंसेवकांना प्रारंभीच जी कामे दिली त्यांतले एक असे: आपल्या मॅंटलपीसवर काय काय आहे ते डावीकडून उजवीकडे क्रमाने लिहून पाठवा. लोकांनी लिहिले. घड्याळ, मेणबत्तीदाने, काड्यापेट्या, पत्रे, फोटो. १९८३ साली हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. हे कागद आज ससेक्स विद्यापीठाच्या ताब्यात आहेत. राजाच्या खजिन्याची यादी सगळेच करतात. शिपायाच्या, शिक्षिकेच्या फळीची यादी करणारे लोक मला फार शहाणे वाटतात.

या फळीवर काही वस्तू अशा येतात, की त्या ‘मांडल्या’ असे म्हणताना जीभ अडखळते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने प्रत्येक मृत सैनिकाच्या घरी काशाची एक गोल चकती पाठविली. व्यास पावणेपाच इंच. त्यावर सैनिकाचे नाव, हुद्दा नाही. मरणात सगळे सारखे, म्हणून. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या निघाल्या. लोकांनी तिला नाव दिले ‘मेलेल्याचा पैसा’. किती घरांत ती घड्याळाशेजारी उभी राहिली! हिंदी सैन्यातल्या मृतांच्या घरीही ती आली. आपल्या खेड्यांत मॅंटलपीस नव्हते, कोनाडा होता. पण वस्तू एकच, आणि तिच्याकडे पाहणारी आईही एकच.

आणि एक गोष्ट अमेरिकेतली. हार्टफर्ड गावी मार्क ट्वेन यांचे घर आहे, आता त्याचे संग्रहालय झाले आहे. १८७४पासून सतरा वर्षे ते तिथे राहिले. पुस्तकांच्या खोलीतली कोरीव ओक लाकडाची मोठी मॅंटलपीस त्यांनी स्कॉटलंडमधल्या एका गढीतून आणविली होती, आणि घराचे खरे भूषण म्हणजे घरी येणारे स्नेही, अशा आशयाचे इमर्सनचे वचन तिथे पितळेवर कोरून घेतले होते. संध्याकाळी मुली हट्ट धरीत, गोष्ट सांगा! पण अट मोठी विलक्षण. एका टोकाला गळ्यात झालरीची कॉलर घातलेल्या मांजराचे चित्र होते, तिथून गोष्ट सुरू व्हायची. मग फळीवरची एकेक वस्तू ओळीने गोष्टीत यायलाच हवी. आणि शेवट व्हायचा तो एमेलीन नावाच्या मुलीच्या तसबिरीशी. क्रम मोडायचा नाही आणि जुनी गोष्ट पुन्हा सांगायची नाही. बिचाऱ्या फुलदाण्यांना रोज नवे साहस!

पुढे कर्ज फेडण्यासाठी ट्वेन जगभर व्याख्याने देत हिंडले. १८९६च्या जानेवारीत ते मुंबईलाही येऊन गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची थोरली मुलगी सूझी हार्टफर्डच्या त्याच घरात मेंदूज्वराने गेली. वय चोवीस. आईवडील दोघेही जवळ नव्हते. ते कुटुंब त्या घरात पुन्हा राहायला गेले नाही. गोष्ट ऐकणारी गेली, मग ओळीने मांडलेल्या वस्तू कुणासाठी बोलणार?

लेकीसुनांसाठी चार शब्द

१९४५च्या डिसेंबरात जॉर्ज ऑर्वेल यांनी एका सायंदैनिकात उघड्या शेकोटीची वकिली केली होती. ती खर्चिक, घाणेरडी, त्रासाची, हे त्यांनी कबूल केले. पण तिच्या उबेसाठी घरातल्या सर्वांना एकाच खोलीत अर्धवर्तुळ करून बसावे लागते, हा तिचा मोठा गुण, असे त्यांचे म्हणणे. धुराचे गोडवे आज कुणी गाऊ नयेत. पण ते अर्धवर्तुळ मात्र विचार करण्यासारखे आहे.

आपल्यापैकी कित्येकांची मुले आज लंडनला, न्यू जर्सीला आहेत आणि घरात विटांची अशी शेकोटी आयतीच मिळालेली आहे. दिवाळीत तिच्यावर पणत्या लावाव्या अशी इच्छा व्हायचीच. खुशाल लावा. मात्र पणत्या पितळी तबकात ठेवा. विट तेल पिते आणि मग डाग जन्माचा सोबती. लाकडी फळीला तर ज्योतच नको. तोरण बांधायचे तर खिळा विटेत न मारता दोन विटांमधल्या सांध्यात मारा. सांधा भरून काढता येतो, फुटलेली वीट नाही. लाल वीट जुनाट दिसते म्हणून घाईने रंग फासू नका, तो सहजी निघत नाही. आधी नुसत्या कुंच्याने आणि पाण्याने घासून पाहा. ओट्यावर रांगोळी शोभते, पण विस्तव नसेल तेव्हा. विस्तव पेटवायचा असेल त्या दिवशी कागदी आकाशकंदील, सुकी पाने आणि मोजे दूर, आणि त्यापूर्वी धुराडे जाणत्या माणसाकडून साफ झालेले हवे; कोंडलेल्या धुरातला विषारी वायू वास देऊन येत नाही.

आणि मांडणी? विटांच्या भिंतीला आधीच ओळी असतात, म्हणून वस्तू थोड्या असाव्या. एक उंच, दोन ठेंगण्या, मधे मोकळी जागा. दुकानातून आणलेल्या दहा वस्तूंपेक्षा आजोबांचे घड्याळ आणि नातवाने मातीचा केलेला वाकडा हत्ती, ही जोडी स्टॅफर्डशरच्या कुत्र्यांना भारी आहे.

इथे, आपल्या दोन खोल्यांत, ना शेकोटी ना फळी. पण शोकेस आहे, टीव्हीखालचे टेबल आहे, फ्रिजचा माथा आहे. दिवाळीची साफसफाई करताना त्यावरच्या वस्तू खाली उतरतीलच. त्या परत ठेवण्यापूर्वी मुलांना जवळ बसवा, अर्धवर्तुळ करून, आणि डावीकडून उजवीकडे यादी करा. ही वाटी कुणाची, हा फोटो कधीचा, हे पदक कशाचे? जिची गोष्ट सांगता येईल ती वस्तू परत वर जाईल. जिची सांगता येणार नाही, ती कितीही महागाची असो, तिची जागा मोकळी राहू द्यावी. पुढच्या वर्षीच्या गोष्टीला ती लागेल.